नवख्याच्या हाती ठासणीची बंदूक

आमच्या क्लबाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक ठराव पडून आहे. वर्षातून दोनदा आम्ही नवख्या मंडळींसाठी एक दिवस राखून ठेवतो. ठासणीची बंदूक म्हणजे काय, ती भरायची कशी, उडवायची कशी, हे त्या दिवशी त्यांना दाखवतो. या दिवसासाठी क्लबाच्या खर्चाने चार नव्या ‘इनलाइन’ बंदुका दुर्बिणीसकट विकत घ्याव्यात, आणि आजवर या कामी वापरात असलेल्या बाजूच्या घोड्याच्या दोन जुन्या बंदुका भिंतीवर टांगून द्याव्यात, असा तो ठराव आहे. त्याला बहुमत आहे. माझा त्याला विरोध आहे. इंग्रजीत भांडायचे तेवढे मी भांडून घेतले. आता मराठीत भांडतो. याचे कारण असे, की पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या मैदानावर येणाऱ्या नवख्यांत अलीकडे मराठी मुलेही दिसू लागली आहेत. त्यांची गाठ आधी माझ्याशी पडते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काका, कोणती घेऊ?” हे लिहिणे त्यांच्यासाठी आहे, आणि मुलगा अमेरिकेत जाऊन बंदुका उडवू लागला हे ऐकून डोंबिवलीत किंवा साताऱ्यात ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्या त्यांच्या आईबापांसाठीही आहे.

कोकणातल्या वाचकाला ठासणीची बंदूक समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या आजोबांकडे ती होती; वांदरांपासून आणि रानडुकरांपासून पीक राखण्याच्या परवान्यावर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी वापरायच्या या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. (तरी निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पुन्हा हेलपाटे घालून सोडवून आणायची, हा तिकडचा जुना वैताग. वांदरांना मात्र आचारसंहिता लागू नसते.) घाटावरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. बंदूक उभी धरायची. नळीच्या तोंडातून मोजून दारू घालायची. तिच्यावर मेणतेल लावलेल्या चिंधीत बसवलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने ती तळापर्यंत, अगदी दारूला टेकेपर्यंत, ठासायची. मग नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, चढवायची. घोडा मागे ओढायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. एवढे सगळे एका बारासाठी. दुसऱ्या बारासाठी हेच पुन्हा पहिल्यापासून.

आणि दारू काळी. शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, हे प्रमाण थोड्याफार फरकाने शतकानुशतके चालत आले आहे. ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो पांढऱ्या धुराच्या लोटातून बाहेर पडतो आणि उरलेला काळ्या किटाच्या रूपाने नळीत बसतो. ते कीट हवेतला ओलावा ओढून घेते. आज बंदूक उडवून तशीच कोपऱ्यात उभी करून ठेवली, की एकदोन दिवसांत नळीला आतून गंज धरतो. म्हणून ज्याने बार काढायचा त्याने त्याच दिवशी कोमट पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायची. यात सवलत नाही.

आता ‘इनलाइन’. हिच्यात घोडा बाजूला नसतो. ठिणगी नळीच्या मागून, दारूच्या सरळ रेषेत पडते. कल्पना जुनी असली तरी तिला बाजारात पाय फुटले ते १९८५ मध्ये. त्या वर्षी मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही बंदूक काढली. यामागे कोणताही दुष्ट हेतू नव्हता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्यांना वेगळा मोसम असतो. पावसापाण्यात दगा न देणारी, साफ करायला सोपी अशी बंदूक शिकाऱ्यांना हवी होती, ती त्यांनी दिली. पुढे तिच्यावर दुर्बीण बसली. मोजून घालायच्या दारूच्या जागी औषधाच्या गोळ्यांसारख्या तयार वड्या आल्या. तांब्याच्या केपेऐवजी काडतुशी बंदुकीचा प्रायमर आला, चिंधीऐवजी प्लॅस्टिकचे टोपण आले. एकेक पाऊल सोयीचेच होते. पण एवढी पावले चालून झाल्यावर जी वस्तू हाती राहिली, ती म्हणजे तोंडातून भरायची, एका बाराची आधुनिक रायफल. शिकाऱ्याने ती खुशाल वापरावी. माझे भांडण शिकाऱ्याशी नाही. ज्याने आजवर या विद्येचे तोंड पाहिलेले नाही, त्याची तिच्याशी पहिली ओळख करून द्यायला ही बंदूक निवडणाऱ्यांशी आहे.

क्लबातले माझे मित्र म्हणतात, नवख्याला सोपे करून द्या, नाहीतर तो पळेल. दुर्बिणीतून पाहून पहिल्याच बाराला शंभर यार्डांवरचा कागद फुटला की त्याला गोडी लागेल. मग हळूहळू तो आपल्याकडे वळेल. हा हिशोब ऐकायला बरा वाटतो. पण सोपे झाले म्हणजे काय झाले, याचा विचार कोणी करीत नाही. नळीच्या तोंडातून स्फोटक पदार्थ घालायचा, त्यावर हाताने गोळी ठासायची, आणि ठासणाराचे बोट, मनगट आणि चेहरा त्या तोंडाजवळ असायचा, हा यातला मुख्य धोका. तो इनलाइनमध्ये तसूभरही कमी झालेला नाही. फक्त दिसेनासा झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच मैदानावर एक गृहस्थ आले. टपालाने मागवलेली कोरी इनलाइन बंदूक, वड्या, दुर्बीण, सगळे नवे. दोन बार उत्तम गेले. तिसऱ्या वेळी नळीत साचलेल्या किटामुळे गोळी अर्ध्या वाटेत अडली. गज पुढे जाईना, तेव्हा गोळी टेकली असे समजून त्यांनी बार काढला. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर गोळी म्हणजे नळीत घट्ट बसलेले बूच. दाबाने नळीला फुगवटा येतो, आणि नशीब वाईट असेल तर ती फुटते. त्यांचे नशीब चांगले. नळीला अंगठीसारखी एक वळी उठली, बंदूक भंगारात गेली, माणूस शाबूत राहिला. गृहस्थ मूर्ख नव्हते. मोठ्या हुद्द्यावरचे, हिशोबी मनुष्य. त्यांच्या गजावर खूण नव्हती एवढेच. रिकाम्या नळीत गज किती जातो आणि भरल्या नळीत किती जातो, याच्या दोन रेघा गजावर कोरून ठेवायच्या, ही या विद्येतली बाराखडी. माहितीपत्रकात ती छापलेली होती. पण हाती आलेली बंदूक दिसायला नेहमीच्या रायफलीसारखी, म्हणून त्यांनी ते पत्रक टेलिव्हिजनबरोबर येणारे पत्रक वाचावे तसे वाचले होते.

कोणी म्हणेल, हे बाजूच्या घोड्याच्या बंदुकीतही घडते. घडते. पण जो मनुष्य सुटी दारू मापाने मोजतो, चिंधी कापतो, गोळी अंगठ्याने दाबतो, त्याला आपण काय करतो आहोत याचा विसर पडणे कठीण असते. त्याचे हात दर बाराला त्याला आठवण करून देतात. इनलाइन हातात घेणारा मनुष्य काडतुशी बंदुकीच्या सवयी बरोबर घेऊन येतो. आणि यातली सर्वांत भयंकर सवय अशी, की दारू ती दारू. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घातली तर दाब कितीतरी पटींनी वाढतो; नळीच्या चिंधड्या होतात आणि धरणाराच्या हाताच्याही. त्यात ‘ग्रेन’ या शब्दाचा घोळ आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. काळी दारू आपण मापाने, म्हणजे आकारमानाने, घालतो आणि बिनधुराची वजनाने. पण आकडा दोन्हीकडे ग्रेनचाच. ज्याने पहिल्या दिवशी काळी दारू तळहातावर पाहिली, तिचा वास घेतला, तिचे कीट स्वतः धुऊन काढले, तो या दोघींना एक समजणार नाही. ज्याने नुसती वडी सोडली, त्याला काय कळणार?

इथे कायद्याचा एक मुद्दा आहे, आणि माझ्या विरोधाचे खरे मूळ तिथेच आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात ठासणीच्या बंदुका साधारणपणे ‘पुराण्या’ वर्गात पडतात. त्या कायद्याच्या दृष्टीने त्या बंदुकाच नव्हेत. काडतूस न चालणाऱ्या नव्या इनलाइनही त्यात आल्या. काही राज्यांचे कायदे कडक आहेत. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत या बंदुकीसाठीही पोलिसांकडून ओळखपत्र लागते, हे तिथल्या मुलांनी ध्यानात ठेवावे. पण पुष्कळ ठिकाणी ती पुस्तकासारखी टपालाने घरी येते. काळी दारू स्वतःच्या नेमबाजीसाठी ५० पौंडांपर्यंत बाळगायला केंद्रीय परवाना लागत नाही. या सवलतीवर इथे वाद होतात, त्यात मी आज पडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जिथे कायदा दारातून बाजूला झाला आहे, तिथे दारात उभा राहणारा दुसरा कोणीच नाही. नवख्याला पहिल्यांदा बंदूक कशी धरायची ते दाखवणारा माणूस, तोच त्याचा परवाना, तोच त्याचा फौजदार आणि तोच त्याचा मास्तर. मग त्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याला धोका दडवणारी वस्तू द्यायची?

इथून मोटारीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल एवढ्या अंतरावर, डेलावेअरमध्ये, ब्रँडीवाइन ओढ्याकाठी ड्यू पाँट यांचे जुने दारूचे कारखाने आहेत. १८०२ मध्ये सुरू झालेले. आता तिथे संग्रहालय आहे. मी नवख्यांना ते पाहून यायला सांगतो. दारू दळायच्या त्या दगडी इमारतींच्या तीन भिंती अवाढव्य जाड आहेत, आणि ओढ्याकडची चौथी बाजू मुद्दाम कच्ची. स्फोट झालाच तर तो पाण्याच्या बाजूने बाहेर पडावा, शेजारच्या गिरणीवर जाऊ नये, म्हणून. त्या गिरणीत काम करणारा जिवंत राहील असे कोणी धरलेच नव्हते. स्फोटात माणूस गेला की तिथले कामगार ‘मेला’ म्हणत नसत. ‘ओढ्यापलीकडे गेला’ म्हणत. ती चौथी भिंत पाहून आलेल्या मुलाला, शिंगातून थेट नळीत दारू ओतू नकोस, मधे माप घे, हे दोनदा सांगावे लागत नाही. (नळीच्या बुडाशी मागच्या बाराची ठिणगी जिवंत असली, तर मापातली चिमूटभर दारू पेटते, थेट ओतले तर हातातले सबंध शिंग.)

ही काळी दारूदेखील आता गृहीत धरण्यासारखी राहिलेली नाही. अमेरिकेतला ‘गोएक्स’ हा तिचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या मूझिक गावी होता; १९९७ मधल्या स्फोटानंतर तो लुइझियानात गेला. २०२१ मध्ये मालकांनी तो बंद करीत असल्याचे जाहीर केले, आणि आमच्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. २०२२ मध्ये खेळण्यातली रॉकेटे बनवणाऱ्या ‘एस्टेस’ कंपनीने तो विकत घेतला म्हणून वाचलो. वड्या वापरणारे शंभर नवखे आणले तरी त्यांतला एकही ही दारू विकत घेणार नाही. संख्या वाढवायची म्हणणाऱ्यांनी कोणाची संख्या वाढवतो आहोत ते बघावे.

संख्येचा प्रश्न खोटा आहे असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या रांगेत उभे राहून पाहिले तर पांढरी डोकीच जास्त दिसतात. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या खेड्यात ज्या राष्ट्रीय संघटनेचे मैदान आहे, ती १९३३ मध्ये स्थापन झाली तीच मुळी ही विद्या म्हाताऱ्यांबरोबर मरू नये म्हणून. तेव्हा दुर्बिणी होत्या, काडतुशी रायफली स्वस्त होत्या. ठासणीच्या बंदुकीला सोपे करण्याची गरज कोणाला वाटली नाही. लोक आले ते ती अवघड होती म्हणूनच. माझा स्वतःचा अनुभव काय आहे? आमच्या मैदानावर इनलाइन घेऊन आलेले बहुतेक जण ऑक्टोबरच्या मोसमाआधी एकदा दुर्बीण जुळवायला येतात आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दिसत नाहीत. नाताळ उलटल्यावर कडाक्याच्या थंडीत जो मोसम असतो, त्यात इथे १९७४ पासून फक्त चकमकीच्या बंदुकीची मुभा आहे. त्या मोसमाच्या तयारीला रविवारमागून रविवार येणारी पोरे ही केपेच्या बंदुकीवर शिकलेली असतात.

चकमकीचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या पंथाचाही समाचार घेतो. हरणाच्या कातड्याचे झालरी लावलेले कोट घालून येणारे आमचे सोवळे बंधू नवख्याला दारातच अडवतात. तुझ्या चिंधीचे सूत कोणते, तुझ्या शिंगाला पितळी खिळा का, तुझी बंदूक १७७० ची म्हणतोस आणि तिचे कुलूप १७९० चे कसे! या मंडळींना विद्या द्यायची नसते, आपल्याकडे आहे हे दाखवायचे असते. पहिल्याच दिवशी ते पोराच्या हाती चकमकीची बंदूक देतात. गारेची धार बोथट, रंजकदाणी दमट, नळीच्या बाजूचे छिद्र बुजलेले. रंजक उडते, बार होत नाही आणि डोळ्यांपुढे भपकारा आलेले पोर पुढच्या वेळी चाप दाबण्याआधीच मान फिरवते. ती खोड मोडायला वर्ष जाते. चकमक दुसऱ्या वर्षी. आधी केप.

मुलांच्या आईबापांचा एक प्रश्न रास्त आहे. ज्या देशात बंदुकीने रोज माणसे मरतात, तिथे तुम्ही आमच्या मुलाला बंदूक शिकवता? ठासणीच्या बंदुकीने माणूस मरत नाही असे मी म्हणणार नाही. १८६५ मध्ये लिंकनला मारले ते ठासणीच्याच एका छोट्या पिस्तुलाने. पण कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. माझ्या हाताखालच्या मुलाला एका बाराला दोनतीन मिनिटे लागतात, आणि मी त्याला घाई करू देत नाही. त्या दोनतीन मिनिटांत बंदूक काय करू शकते याचा त्याला सबंध वेळ विचार करावा लागतो. ही सावकाशी इनलाइनवाल्यांना दोष वाटते. मी तिच्याचसाठी इथे येतो.

नवख्यांच्या दिवशी मी काय करतो ते सांगतो, म्हणजे ठरावाच्या बाजूचे कोणी हे भाषांतर करून वाचतील तर त्यांना वाद घालायला काही ठोस मिळेल. प्रथम बंदूक रिकामी आहे हे गज घालून, खुणेवरून, नवख्याने मला दाखवायचे. मी सांगितलेले धरायचे नाही. मग दारू न घालता नुसती केप चढवून, नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरून, चाप दाबायचा. पाते हलले तर वाट मोकळी. नाही हलले तर बोंडात तेल किंवा कीट अडकले आहे. या पात्याने मुले जितकी खूश होतात तितकी फुटलेल्या कागदाने होत नाहीत. मग ५० कॅलिबरच्या नळीत ५० ग्रेन दारू, जास्त नाही. गज मुठीने धरून सबंध लांबीने रेटायचा नाही. नळीच्या तोंडाजवळ धरून थोडा थोडा ढकलायचा, कारण लाकडी गज मोडला तर त्याचे टोक हातातून आरपार जाते. केप उडाली आणि बार झाला नाही, तर बंदूक निशाणाकडेच रोखून निदान एक मिनिट गप्प उभे राहायचे. घड्याळ माझ्या हातात असते. ते एक मिनिट फार मोठे असते.

चिंधीला लावायच्या वंगणाबद्दल आपली मुले हटकून विचारतात, “काका, यात चरबी आहे का?” इथले जुने लोक प्राण्याची चरबी वापरतात. मी मधमाश्यांचे मेण आणि गोडे तेल वापरतो. १८५७ ची एन्फिल्ड हीही ठासणीचीच रायफल होती, आणि तिच्या काडतुसांच्या वंगणावरून बराकपूरला काय पेटले ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच वर्षी जानेवारीत, भडका उडण्यापूर्वी, शिपायांनी वंगण आपल्या पसंतीचे लावावे अशी परवानगी सरकारने देऊ केली होती. तोवर विश्वास उडालेला होता. माझ्या डब्यावर मी मराठीत ‘मेण व तेल’ असे लिहून ठेवले आहे.

पाच बार झाले की पुरे. दुपारचा उरलेला वेळ धुण्यात जातो. बादलीत कोमट पाणी, चिंध्या, पाणी काळे, मग करडे, मग स्वच्छ. इथेच नवखा खरोखर किती नवखा आहे ते कळते. काही जण मोटारीच्या किल्ल्या चाचपू लागतात. काही जण तिसऱ्या चिंधीनंतर नळीत डोकावून “अजून थोडी आहे” म्हणतात. कार्यकारिणीने आपल्या चार बंदुका घेण्याआधी एकदा त्या बादलीशेजारी बसून पाहावे, अशी माझी उपसूचना आहे. ठरावाचे मतदान जानेवारीत आहे. मी विरुद्ध मत देणार, आणि बहुधा हरणार. त्या दोन जुन्या बंदुका क्लबाने भिंतीला लावायचे ठरवलेच, तर त्या विकत मागणारा अर्ज मी लिहून ठेवला आहे. वसंतात नवख्यांचा दिवस असेल तेव्हा मैदानाच्या डाव्या टोकाला मी त्या घेऊन उभा असेन. येणाऱ्याने सुती कपडे घालून यावे, डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे आणावेत, आणि संध्याकाळचे दुसरे काही ठरवू नये.